एप्रिलमधले रोजचे दोन मिलिमीटर

छत्रपती संभाजीनगर,
ऑगस्टचा शेवटचा शनिवार

तीर्थस्वरूप मधुसूदनकाकांना अश्लेषाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, गुरुवारी पैठणच्या एसटीत उभ्यानं गेल्यापासून कंबर वाकत नाही.) उमाकाकूंचे गुडघे कसे आहेत? तुमच्या शुगरबद्दल विचारलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून विचारलं नाही असं समजा.

इकडे माझी पीएच.डी. बुडता बुडता राहिली आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, आम्ही चाळीस घरांत पर्जन्यमापक दिले. रोज सकाळी साडेआठला नळीतलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं आणि आकडा मला फोनवर पाठवायचा. शास्त्र लोकांच्या हाती गेलं पाहिजे, असं आमचे गाईड ऋतुराज सर प्रत्येक भाषणात म्हणतात. लोकांनी ते हातात घेऊन पुढे काय करायचं, याबद्दल भाषणात काही नसतं.

तर पैठणजवळच्या एका वस्तीवर मंजुळाबाई राहतात. तीस मेंढरं, चौथीपर्यंत शाळा आणि अक्षर माझ्यापेक्षा सरस. त्यांच्याकडून एप्रिलभर रोज दोन मिलिमीटर पाऊस येत होता. एप्रिलमध्ये, काका! शेजारच्या वस्तीत शून्य, अख्ख्या तालुक्यात शून्य, आणि बाईंच्या अंगणात रोज दोन. शहाण्या माणसानं फोन करून विचारलं असतं. आम्ही शास्त्रज्ञ असल्यामुळे सिद्धांत मांडला. जायकवाडीच्या पाण्याची वाफ पहाटे गार होऊन नेमकी त्या वस्तीवर उतरते, असा तो सिद्धांत होता. (आकृतीतले बाण कुठून कुठे काढायचे यावरून सरांचा आणि माझा दोन दिवस अबोला होता.) पोस्टर झालं, टाळ्या झाल्या आणि त्यामुळेच प्रकल्प चालू ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीला तो पाऊस डोळ्यांनी बघावासा वाटला.

गुरुवारी आठ वाजता समितीचे तीन जण, सर आणि मी अंगणात हजर. मंजुळाबाई न्हाऊन आल्या, पर्जन्यमापकाला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि नरसाळ्यात छोटी पळीभर पाणी सोडलं. मग साडेआठपर्यंत आमच्याबरोबर चहा घेतला आणि मोजायला बसल्या.

सरांच्या चेहऱ्याचं वर्णन मी इथं करत नाही, मला अजून त्यांच्याच हाताखाली काम करायचं आहे. मी कसंबसं विचारलं, बाई, हे काय? त्या म्हणाल्या, "तुमीच नारळ फोडून बसवलं न्हवं का? म्हनल्या, याची रोज सेवा करा. मंग त्याला कोरडं कसं ठिवावं?" मी खरंच तसं म्हणाले होते. उद्घाटनाच्या भाषणात माणूस काहीही बोलतो.

समितीतले थोरले गृहस्थ, आप्पासाहेब म्हणतात त्यांना, पुढे सरसावले. त्यांनी वही मागितली. त्यात 'शेरा' नावाचा रकाना आहे, तो मी स्वतः आखला आणि आजवर एकदाही वाचला नाही. त्यात रोज, न चुकता, लिहिलेलं: "पळीभर पानी वाहिलं." ज्या दिवशी बाई माहेरी गेल्या, त्या दिवशी: "घरी नव्हते. नोंद नाय." काका, मला तिथंच रडू आलं. मी पाच महिने मोठमोठे बाण काढत होते, आणि बाईंनी सगळं खरं लिहून ठेवलं होतं.

आप्पासाहेब हसले. पळी तीच, पाणी तेवढंच, रोज दोन वजा करा, म्हणाले. इतकी विश्वासाची वही आपण पाहिली नाही. मात्र आता सगळ्या वह्या ते स्वतः तपासणार आहेत. एकही मनानं रचलेली निघाली तर प्रकल्प बंद, आणि माझी तीन वर्षं पाण्यात. बाकी सर्व कुशल. काकूंना नमस्कार.

तुमची,
अश्लेषा

ता. क. तपासणी परवाच्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी. पहिली वही तुमची काढणार आहेत, कारण चाळिसांत एकही दिवस न चुकलेली तेवढीच आहे.

ता. क. २. हे पत्र तुमच्या हर्सूलच्या घरी न पाठवता तुमच्या हिमांशूच्या पुण्याच्या पत्त्यावर टाकलं आहे. तुम्ही दोघं आषाढापासून तिथं आहात, हे त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं. मग मी हर्सूलच्या गच्चीवर जाऊन आले. शेजारच्या तनुजाताईंनी तुमचा पर्जन्यमापक स्वच्छ घासून पालथा घालून ठेवला आहे, डास होऊ नयेत म्हणून. आषाढापासूनच. रागावले नाही, काका. फक्त त्या दिवसांपुढं स्वतःच्या हातानं 'नोंद नाही' असं लिहा, सही करा आणि वही येत्या शनिवारपर्यंत पाठवा. रिकामे रकाने चालतात. मी तुमच्या बाजूनं बोलेन.

ता. क. ३. आणि पेपरातल्या आपल्या शहराच्या पावसाच्या आकड्यात रोज ०.२ मिळवणं आजपासून थांबवा. काल इथं थेंब पडला नाही. पेपरात शून्य आहे, आणि तुमच्या गच्चीवर ०.२.