मधल्या वर्तुळातला खुंटा

३ मे, शनिवार

हिरवं! फाटक हिरवं, कुंपण हिरवं, गोलचे खांब हिरवे, पाण्याची टाकीसुद्धा हिरवी. रंगाच्या कंपनीने क्लबला मदत दिली, म्हणून माझ्या लेकाने अख्ख्या मैदानाला शेवाळ चढवलंय. शी! पोरांची खिचडी ढवळताना सारखं डोळ्यांत येत होतं.

आणि फाटकाला कुलूप. अवनील म्हणतो, "आई, गवत राखायला पाहिजे. जूनमध्ये स्पर्धा आहे, राजधानीतून, सुवाहून साहेब येणार." बरं, येऊ देत साहेब. पण ओढ्यावरचं माडाचं खोड का काढलंस? पलीकडच्या गावातली पोरं त्यावरूनच यायची, ह्यांच्या वेळेपासून. "येणं-जाणं एकाच जागेने हवं. आता आपली मोठी संस्था झाली."

संस्था! अध्यक्ष झाला म्हणून हार्डवेअरच्या दुकानदाराला शिंगं फुटली. खोडाच्या जागी काटेरी तार ओढलीय. ऊस खाणाऱ्या डुकरांना थोपवावं तशी.

६ मे, मंगळवार

वासितीची मांडी तारेवर फाटली. पलीकडच्या गावातली आठ वर्षांची पोर ती! ओढ्यावरून उडी मारून यायला गेली. मी डोक्यावरची ओढणी काढून बांधली. सालानिएताने तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. मुलींची टीम सालानिएताच शिकवते, म्हाताऱ्या अपेनिसांची लेक. मी मागोमाग चालत होते.

"अगं, एक शिवी तरी दे!" मी म्हटलं.

"कुणाला देऊ, काकी? तुझ्या पोराला दिली तर तुलाच लागेल."

अवनीलला सांगितलं. तो म्हणे, "फाटकातून यायचं होतं." फाटकाला कुलूप होतं रे! वर म्हणतो, पोरांना शिस्त नाही.

९ मे, शुक्रवार

अपेनिसा गेले.

जमीन त्यांच्या कुळाची. मोठ्या पुरानंतर घराघरांत गुडघाभर चिखल होता. तेव्हा हे आणि अपेनिसा आंब्याखाली यंगोनाची मुळं कुटून केलेल्या पेयाची वाटी घेऊन बसले होते. मी पलीकडे भांडी घासत होते, सगळं ऐकलं. अपेनिसा म्हणाले, "घरात चिखल, मग पोरांनी खेळायचं कुठं? घे ही जागा. पोर कुणाचं हे विचारायचं नाही, एवढंच." कागद नाही, शिक्का नाही. दोघांनी वाटी रिकामी केली आणि झाला क्लब! त्याच वर्षी शेड उभी राहिली. तेव्हापासून बॉल आहे, शनिवारची खिचडी आहे, संध्याकाळी शेडमध्ये अभ्यास आहे, आणि पूर आला की तीच शेड अर्ध्या वस्तीचं छप्पर. आपली ऊसवाल्यांची पोरं, गावातली पोरं, सगळी एका पातेल्यातली.

आज आणखी लिहवत नाही.

१३ मे, मंगळवार

माती दिली. लोक चटया घेऊन आले, कापड घेऊन आले, यंगोनाच्या मुळांच्या जुड्या घेऊन आले. आमच्या वस्तीतून तांदूळ आणि डाळीची पोती गेली.

आणि क्लबकडून? हिरवा हार! वर आडव्या पट्टीवर कंपनीचं नाव. पोरांना जर्सी घालून शवपेटीशेजारी उभं केलं आणि फोटो काढले. "हसू नका रे, जरा दुःखी दिसा." या माझ्या कानांनी ऐकलं! ज्या पोरांनी त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून मॅच पाहिल्या, त्यांना दुःखी दिसायला शिकवत होता माझा अवनील. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर नाकच उरलं नाही.

यंगोनाही आणली होती म्हणा. दळलेली पुडी, दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत! अख्ख्या मुळांची जुडी न्यायची, चटईवर मांडी घालून बसायचं, मान खाली घालून चार शब्द बोलायचे आणि मग द्यायची. शेंबडं पोरही सांगेल. ह्याने पिशवी टेकवली आणि फोन वाजला म्हणून उठून बाहेर!

गावच्या म्हाताऱ्यांनी पिशवी घेतली. ओंजळीच्या संथ टाळ्या वाजवल्या, आभाराचं "विनाका" म्हणाले. एक एक टाळी माझ्या थोबाडीत बसली.

१४ मे, बुधवार

मैदानाच्या मधल्या वर्तुळात खुंटा रोवलाय. वर सुकलेल्या पानांची वेणी.

१५ मे, गुरुवार

सालानिएताकडे जाऊन आले. किनाऱ्यावरच्या गावांत मोठा माणूस वारला की समुद्राचा एक तुकडा बंद ठेवतात. शंभर रात्री तिथे जाळं नाही, गळ नाही. खुंट्याच्या पुढे कुणी जात नाही. हे मी पाहिलंय. पण मैदान?

"बाबांना कुठला समुद्र, काकी? आम्ही डोंगराकडची माणसं. त्यांचं होतं ते एवढंच."

"रागाने नाही ना रोवला?"

"राग असता तर म्हाताऱ्यांनी जमीनच परत मागितली असती." मग कसावाचे कंद सोलता सोलता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून मागितली नाही."

अजून! ही जागा गेली तर क्लब कुठला, पोरं कुठली?

निघताना मात्र फसकन हसली. "तुझ्या अवनीलला सांग, गवत राखायचं होतं ना? आता मस्त राखलं जाईल." मलाही हसू आलं. ओढ्याजवळ पोचेपर्यंत रडू आलं.

१२ जून, गुरुवार

खुंटा नाही. मधोमध नुसतं भोक.

"लाकूडच होतं, आई. शेडमध्ये नीट ठेवलंय. शनिवारची स्पर्धा झाली की परत रोवतो." मांडवाचा खांब आहे का तो? कार्य आटोपलं की काढा, पाहुणे आले की रोवा! म्हटलं, "तुझ्या बापाने त्या माणसाच्या हातची वाटी घेतली होती." तर म्हणतो, "बाबांचा काळ वेगळा होता. साहेबांना काय सांगू, लाकडामुळे स्पर्धा रद्द?"

माझ्या हाताने वाढलेलं जेवला आणि हात धुऊन गेला. पोटच्या पोराची किळस यावी, हेही नशिबात होतं. ताट घासावंसं वाटेना. तसंच ठेवलंय.

१४ जून, शनिवार

काय तमाशा झाला! देवा.

आठ टीम आल्या. सुवाचे साहेब खुर्चीत, गळ्यात फुलांची माळ. गावातलं कुणी नाही. रेफरी इनोके, पोलिसातला, दरवाजाएवढा माणूस. रेषेपर्यंत आला, मधलं भोक पाहिलं, आणि शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

"काय झालं?" अवनील.

"पाय दुखतोय."

"आत्ता तर धावत आलास!"

"तिथपर्यंत नव्हता दुखत." आणि आंब्याखाली जाऊन बसला. माझ्याकडे बघून म्हणतो, "काकी, चहा आहे का? आज लवकर सुट्टी झाली."

मग पोरं! आमची पोरं रेषेबाहेर मांडी घालून बसली. बूट काढून शेजारी ठेवले. ते पाहून बा गावची टीम बसली, मग लाउटोकाची. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. अवनील एकटा बॉल घेऊन मध्ये गेला, भोकाशेजारी ठेवला, हात हलवून बोलावू लागला. "या! या रे!" वाऱ्याने बॉल घरंगळत गेला. तो मागे धावला, परत ठेवला. परत घरंगळला.

साहेब म्हणाले, "आज काही धार्मिक कार्यक्रम आहे का?"

मी मान फिरवली. बघवेना. लाज वाटली म्हणू, की बरं वाटलं म्हणू? दोन्ही. आणि तोंडात कडू चव ती वेगळीच.

१५ जून, रविवार

खुंटा परत जागेवर. गावातलं कुणीतरी येऊन रोवून गेलंय. स्वतःच्याच जमिनीवर, काटेरी तार ओलांडून.

१७ जून, मंगळवार

माफी पाठवली अवनीलने! ड्रायव्हरच्या हाती. पुन्हा पुडी, पुन्हा पिशवी. थू! कोडगेपणाला औषध नाही. ड्रायव्हर बिचारा गावाच्या वेशीवरून परत आला. म्हणाला, "काकी, मला मार खायचा नाही, आणि त्यांनी चहा पाजला तर जास्त लाज वाटेल."

मग मीच गेले. बाजारातून मुळांच्या दोन चांगल्या जुड्या घेतल्या, त्यातली एक नेली. चटईवर बसले. बोलायचं ते ह्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेलं, तरी निम्मं विसरले. म्हाताऱ्यांनी घेतली. सालानिएता दारापर्यंत आली.

"हे तुझं, काकी. ते पोचलं. त्याचं त्यालाच आणावं लागेल. शंभर रात्री झाल्या की म्हातारे जमिनीचं बोलायला बसणार आहेत."

दुसरी जुडी अवनीलच्या दुकानात काउंटरवर ठेवली, खिळ्यांच्या डब्याशेजारी. सालानिएता म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. माझं एक अक्षर घातलं नाही. घरी आले.

५ जुलै, शनिवार

जुडी तिथंच आहे. आज तिच्यावर रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक ठेवलं होतं. ते उचलून खाली टाकलं. गिऱ्हाईक बघत होतं, बघू दे.

शनिवारची खिचडी आता रस्त्याच्या कडेला शिजवते. पोरं येतात, खातात, खुंट्याकडे बघतात. बॉलला कुणी हात लावत नाही. गवत घोट्याच्या वर गेलंय.

२ ऑगस्ट, शनिवार

जुडीवर धूळ. त्याच्याशी बोलत नाही मी. तोही बोलत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काउंटरवर जुडी नाही. विचारलं नाही. उंदरांनी नेली असेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

शंभर रात्री झाल्या. गावच्या म्हाताऱ्यांनी खुंटा काढला. वासिती, आमची पोरं, सगळी गुडघाभर गवतात लोळली. सालानिएता माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "आला होता तो. बोलता येत नव्हतं, काकी. तीनदा चुकला. आम्ही थांबलो. म्हाताऱ्यांनी जुडी घेतली, जमिनीचा विषय काढला नाही."

ओढ्यावर, तार काढून, माडाच्या खोडाच्या जागी फाटक आडवं टाकलंय. बिजागऱ्या, कुलूप, सगळ्यासकट. पोरं त्यावरून धडाधड येतात.

रंग मात्र घाणेरडाच आहे.