चाळीस घरांची उत्तरं

३ मार्च
चि. खारूताईस आजीचे अ. उ. आ.
तुझं पत्र शेजारच्या शिंपीणबाईने वाचून दाखवलं, मग चष्मा लावून मी पुन्हा वाचलं. अक्षराला हसू नकोस, माझी शाळा तिसरीतच सुटली. देशोदेशीच्या विकासात एम.ए. करायला एवढ्या लांब गेलीस आणि प्रबंध कशावर, तर आपल्याच गल्लीवर! तोही तुझ्या सरांचं जुनं पुस्तक धरून!

अगं, ते सर म्हणजे तो काडीपैलवान! पंचवीस वर्षांपूर्वी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला होता. पायाला फोड, अंगात ताप, आणि बायका सगळ्या कामावर. मी म्हटलं, बस बाबा सावलीत, चाळीसही घरं मला पाठ आहेत, विचार काय ते. घरात कोण ठरवतं, असा एक प्रश्न होता. मी सगळ्या घरांना ‘बाई’ सांगून टाकलं. तेवढीच हौस! बिचारा भराभरा लिहीत होता.
वेळेवर जेव. माया आहेच, ती तिकडेही पुरवून वापर.
तुझी आजी

१९ मार्च
ती. आजीस सा. न. वि. वि.
आजी, काय करून ठेवलंस हे! त्या एका ‘बाई’वर सरांचं नाव झालंय. ‘या गल्लीत बायकांचं का चालतं’ हाच माझा प्रबंध, आणि तो सहा आठवड्यांत द्यायचाय. सरांना सांगितलं तर प्रबंध बुडाला. नाही सांगितलं तर मी खोटं लिहून एम.ए. होणार. निदान आजचं खरं कळव. दारोदार जाऊन विचार, पाठ म्हणू नकोस.
रागावले आहे, तरी लोभ कमी करू नकोस.
खारूताई

६ एप्रिल
चि. खारूताईस अ. उ. आ.
गेले बाई दारोदार. तेव्हाचं खरं म्हणशील तर सहाच घरं. आज मात्र सव्वीस! मलाच नवल वाटलं. मग शिंपीणबाईने आठवण करून दिली. ते पुस्तक वाचून पाणीखात्याचे साहेब आले होते. इथे बायकाच ठरवतात ना, म्हणून पंपाची किल्ली आमच्या हाती देऊन गेले. किल्ली आली तशी पाण्याची पाळी आम्ही ठरवायला लागलो, मग पोरींची शाळा, मग बाकीचं. पुरुष कुरकुरले, पण कोरड्या घशाने किती कुरकुरणार! हेच लिही. आणि त्या काडीपैलवानाला सगळं सांग. ओरडला तर म्हणावं, तापात कपाळावर ओली पट्टी कोणी ठेवली होती?
आशीर्वाद आहेत, भीती सोड.
आजी

२१ एप्रिल
ती. आजीस सा. न. वि. वि.
सांगितलं. सरांनी पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, पुस्तकातली चूक मी माझ्या सहीने छापतो, तू हेच लिही. दोन महिने वाढवूनही दिले. फक्त तुझ्या यादीत एकोणचाळीसच घरं आहेत. आपलं कुठे गेलं?
उत्तराची वाट बघते, तेवढा जीव लाव.
खारूताई

८ मे
चि. खारूताईस अ. उ. आ.
मुद्दामच गाळलं गं. माझं प्रत्येक पत्र तुझे आजोबा वाचतात. जन्मभर सगळं त्यांनीच ठरवलं, मी हूं की चूं केलं नाही. तुझ्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मावर घरच्यांची सही हवी होती, ती मी केली. त्यांना विचारून केली असं मी तुला सांगितलं, ते खोटं. तुझी बॅग भरल्यावर त्यांना कळलं. तेव्हा सव्वीसचे सत्तावीस कर.

आत्ता हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, आण ते पाकीट, मीच टाकून येतो.
सुखी राहा, आम्हा दोघांवर लोभ ठेव.
आजी