क्वांटम केंद्राचा नारळ

देवरूख, रविवार

चि. वेदिकास अनिलमामाचा आशीर्वाद. बंगळुरूत तुझी तब्येत बरी ना? तुझ्या आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, फक्त आई कुरकुरते. कोकमं पोचली असतील. इकडे सगळं क्षेम आहे, एक गोष्ट सोडून. ती ओघाने येईलच.

तुझ्या लॅबमध्ये बनवलेला तो पापुद्रा तू आमच्या कॉलेजला दिलास, तेव्हापासून तुझी मैत्रीण रेणुका (इथे ती फिजिक्स शिकवते आणि मी शिपाई, त्यामुळे मला रेणुका मॅडम) दुसरं काही बोलत नव्हती. केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा, त्यावर लेसरचा उजेड सोडायचा आणि परतलेल्या उजेडावरून त्याची थरथर मोजायची. तोच उजेड नेमका लावला तर थरथर कमी होत जाते, पण साफ कधीच थांबत नाही. निसर्गच तिला स्वस्थ बसू देत नाही, यालाच म्हणे क्वांटम म्हणतात. (हे मला लगेच पटलं. तुझी मामी झोपेतही हातवारे करते.) त्या शेवटच्या थरथरीपर्यंत आपलं यंत्र पोचणार नाही, हे मॅडमच सांगायच्या. तरी तीन आठवडे आम्ही पंखे बंद ठेवून, अनवाणी रीडिंगं घेतली. मी एकदाच वहीने वारा घेतला, तर तो आलेखात दिसला.

हे संस्थेचे अध्यक्ष धोंडूशेठ यांच्या कानावर गेलं. वीस तारखेला तपासणी समिती येणार, म्हणून काल ‘क्वांटम केंद्रा’चं उद्घाटन झालं. त्या शांत खोलीत चाळीस माणसं, माईक, दारात ताशा. अकरा शाली वाटल्या. मॅडमना पेढ्यांचं तबक देऊन दाराशी उभं केलं होतं. मग नारळ आला. अध्यक्षांनी लेसरच्या टेबलावर थाप मारली. “ह्ये टेबल दणकट हाय, हितंच फोडूया.” मॅडम ओरडल्या, पण ताशापुढे कोण ऐकतो! नारळ फुटला, काचेच्या पेटीतला पापुद्राही फुटला. पडद्यावरचा आलेख उसळला आणि मग सरळ रेघ आली. जगात कुणाला जमलं नाही ते देवरूखने केलं, थरथर पूर्ण थांबवली, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्या थांबेनात.

आता ती रेघ समितीला द्यायच्या अहवालात जाणार आहे आणि तिच्याखाली मॅडमची सही हवी आहे. सही केली तर कायम नेमणूक. नाही तर सात वर्षं तासिका तत्त्वावर केलेली नोकरी जूनपासून बंद. मॅडमनी अहवालावर लिहिलं, ‘थरथर थांबलेली नाही, पापुद्रा फुटला आहे,’ आणि त्याखाली सही केली. मला अभिमान वाटला गं, आणि रडूही आलं.

तुझा,
अनिलमामा

ता. क. दुसरा पापुद्रा असेल तर घेऊन वीस तारखेच्या आधी तू स्वतःच ये.

ता. क. २. वर अध्यक्षांच्या तोंडी घातलेलं वाक्य माझं आहे. नारळ कुठे फोडायचा, हे त्यांनी मला विचारलं होतं. एवढ्या शाली वाटल्या, पण त्या टेबलाचं कौतुक कुणी केलं नव्हतं. समितीपुढे मी हे छातीठोकपणे सांगणार आहे. फक्त त्याआधी ते मॅडमना सांगावं लागेल, आणि ते तू सांग.