सुवर्णकोटाचा दरबार आणि आत्याबाईंचे वाफे

अकोला, पौष वद्य ५, शके १७८५

तीर्थरूप दादांस मनकर्णेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमचं व वहिनींचं क्षेम कळवत जावं.

नत्थुजी गाडीवाल्यांबरोबर पाठवलेला ‘सुवर्णकोटाची हकिकत’ या छापील गोष्टीचा नववा अंक पावला. लहानपणी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून तुम्ही मला शिकवलंत, तेव्हा आईनं तुम्हाला किती बोल लावले होते! आज ओसरीवर सगळ्यांना अंक वाचून दाखवते, त्या अक्षरांपायीच सासरी माझा मान आहे. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आधी म्हणायच्या की सून वाचायला लागली की चूल रुसते. आता अंकाला दोन दिवस उशीर झाला तर त्याच रुसतात, चूल बिचारी रोज पेटते.

पण दादा, त्या गोष्टीतल्या दरबारात माणसं किती! परवा मोजली तर त्रेसष्ट भरली. माझा तर रोज गोंधळ होतो, कोण कुणाचा मेहुणा नि कोण कुणाचा वैरी. आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण त्यांचा एक माणूस इकडचा तिकडे होत नाही. त्यांनी सगळा दरबार मोर्णा नदीकाठच्या मळ्यात नेऊन लावला आहे. थोरल्या राणीच्या पक्षाला वांग्यांच्या ओळी. धाकट्या जादूगार राणीला मिरचीचा वाफा. प्रधानाला कांदा, कारण त्याचे पापुद्रे संपत नाहीत. शिपायांना पालक, कितीही कापले तरी पुन्हा उभे. राजकन्या पद्मरेखा कुठं नाहीशी झाली कुणालाच कळत नाही, म्हणून तिला कुंपणापलीकडे गेलेला भोपळ्याचा वेल दिला आहे. पाणी देताना त्या एकेकाला नावानं हाक मारतात. कुणी मेलं की ते झाड उपटतात. या अंकात सरदार उग्रकेतू लढाईत पडला, तर विहिरीजवळचं चांगलं लगडलेलं वांग्याचं झाड त्यांनी रडत रडत उपटलं. त्या वांग्यांचं भरीत करायलाही नको म्हणाल्या. शेजारच्या तानुबाईंनी ती उचलून नेली.

आता काळजीची गोष्ट. कापसाच्या चढत्या भावानं सगळ्यांची डोकी फिरली आहेत. पुंजाराम माळ्यानं तर दाराच्या उंबऱ्यापर्यंत सरकी लावली आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. ते बघून आमच्या सासऱ्यांनी, मामाजींनीही, मळा मोडून कापूस पेरायचं मनावर घेतलं. आत्याबाई म्हणाल्या की कापूस शिजवून खाता येते काय. मग एकट्या माझ्यापाशी म्हणाल्या की मळा हाये म्हणून मी बाजारात जातो, चार माणसांत बसतो. तो गेला तर मले घरात बसून मिठासाठी हात पसरावा लागंल. तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी एवढंच मागितलं की हकिकत संपेपर्यंत वाफ्यांना हात लावू नका. मामाजी हसले आणि मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत शब्द देऊन आले. त्यांना वाटलं, शिवरात्रीपर्यंत आटपेल. दादा, मामाजी शब्दाचे पक्के आहेत. पण गोष्ट संपली की नांगरालाही तेवढेच पक्के.

आमचे घरधनी कापसाच्या गाड्यांबरोबर खानदेशाकडे गेले आहेत. वहिनींना नमस्कार. या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची मनकर्णा

*

अमरावती, माघ शुद्ध १२

चि. सौ. मनकर्णेस सहदेवाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र वाचून तुझी वहिनी इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली, आणि ती मला खावी लागली.

दहावा अंक सोबत आहे. राजाचा सावत्र भाऊ आणि प्रधानाचा साडू एकच की दोन, हे मला अजून कळलेलं नाही. अडतीच्या दुकानात दिवसभर कापसाच्या गठड्यांवर खुणा करतो, एकही चुकत नाही, पण या दरबारात शिरलो की माझं डोकं चालत नाही. तुझ्या आत्याबाईंना विचारून कळव. अशी बाई आमच्या अडतीत असती तर मालकानं मला केव्हाच घरी बसवलं असतं.

मामाजींना माझा रामराम. त्यांच्या शब्दाची गोष्ट ऐकून त्यांच्याविषयी आदर वाटला आणि भीतीही. तू घाबरू नकोस. हे असले लेखक इतक्यात कुणाला सोडत नाहीत. जावईपाव्हणे खानदेशातून परतले की कळव. आहे तसा जीव लावत जा.

सहदेव

*

अकोला, फाल्गुन वद्य ८

ती. दादांस शि. सा. नमस्कार. वि. वि. अंकाची वाट बघून डोळे शिणले. होळी झाली, रंगपंचमी झाली, अंक नाही. नत्थुजी दोनदा रिकाम्या हातानं आले. आत्याबाईंनी विचारलं की मनकर्णा, तुह्या भावाले काहून उशीर होऊन राहिला. मी म्हटलं, रस्त्यात गाड्यांची गर्दी आहे.

मामाजींनी नांगराचा नवा फाळ करून आणून भिंतीला टेकवून ठेवला आहे. वाचन चालतं तेव्हा ते अंगणात मोटेचा दोर वळत बसतात आणि आपलं लक्ष नाही असं दाखवतात. काल मात्र त्यांनी विचारलं, संपली काय वं तुमची हकिकत. आत्याबाईंच्या हातातली सुपली थांबली. मीच पुढं होऊन सांगितलं की नाही, अंक वाटेवर आहे.

दादा, मी खोटं बोलले असेन तर ते खरं करा. आत्याबाई आता रोज दोनदा पाणी देतात, गरज नसताना. मला त्यांच्याकडे बघवत नाही. उत्तर टपालानं लगेच धाडावं, आणि या वेड्या बहिणीला पदरात घ्यावं.

मनकर्णा

*

अमरावती, चैत्र शुद्ध ६, शके १७८६

चि. सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र एकटीनं वाच.

हकिकत बंद पडली. छापखान्याच्या मालकानं छापायचे दगड विकले आणि मुंबईत कापसाची दलाली धरली. लेखकाचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. राजा, राण्या, प्रधान, सगळे जिथल्या तिथं उभे आहेत. हे मला माघातच कळलं होतं, पण तुला लिहायला हात धजेना.

मग मी एक उद्योग केला आहे. दुपारी वजनाचा काटा थांबतो तेवढ्या वेळात अकरावा अंक मीच लिहायला घेतला. छापील प्रत एकच आली म्हणून हातानं उतरवून पाठवली, असं सांग. मला लिहिता येत नाही, मनू. माझा राजा वलगावच्या पाटलासारखा बोलतो आणि युद्धाच्या छावणीत ज्वारीची भाकर नि ठेचा वाढला जातो. पण त्या माउलीचा मळा एका दलालापायी जावा हे मला सहन होत नाही. हे खोटं आहे हे कळतं मला. तुला पटत नसेल तर कागद चुलीत घाल, मी रागावणार नाही.

पुडकं महिन्याभरात नत्थुजी आणतील. आधी तू नीट वाच, चुका काढ, मगच सगळ्यांपुढं वाच. या लबाड भावाला मनातून उतरवू नकोस.

सहदेव

*

अकोला, वैशाख शुद्ध ४

ती. दादांस शि. सा. नमस्कार. वि. वि. पुडकं पोचलं आणि घात झाला.

नत्थुजी आले ते नेमके सगळे ओसरीवर असताना. आत्याबाईंनी पुडकं माझ्या हातात दिलं आणि पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. आधी वाचणार तरी कधी? तशीच वाचत सुटले. राजा पाटलासारखा बोलला, तानुबाई खूश झाल्या. छावणीत ठेचा वाढला, तानुबाई आणखी खूश झाल्या. आणि मग, दादा, तुम्ही काय केलंत! दरबार भरला, दार उघडलं, आणि पांढऱ्या घोड्यावरून सरदार उग्रकेतू आत आला. राजाला मुजरा करून बोलायला लागला.

ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला आठवलं, तो तर नवव्या अंकातच लढाईत पडला होता. मी आत्याबाईंकडे बघितलं. एरवी कुणाचा साडू बदलला तरी मला थांबवणाऱ्या आत्याबाई खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या. त्यांना कळलं होतं. चूक काढली तर गोष्ट खोटी ठरते, आणि गोष्ट खोटी ठरली तर मळा जातो. म्हणून त्या माउलीनं मेलेला माणूस मुकाट्यानं जिवंत होऊ दिला. मला रडू आलं, तरी मी वाचत राहिले.

तेवढ्यात अंगणातून मामाजींनी थांब म्हटलं. हातातला दोर खाली ठेवून ते ओसरीवर आले, माझ्या हातातला कागद घेतला, उलटासुलटा केला. त्यांना वाचता येत नाही, पण छाप आणि हाताचं अक्षर यातला फरक कुणालाही कळतो. मग मला म्हणाले, चाल माह्यासंगं. मी मागोमाग गेले. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

मळ्यात ते कुणाला न विचारता थेट विहिरीजवळच्या ओळीत गेले आणि रिकाम्या आळ्यापाशी उभे राहिले. म्हणाले, हा उग्रकेतू पौषात उपटला, मी डोळ्यानं पाह्यला. तुह्या भावाले लिही, की ज्याले लिहाचं हाये त्यानं आधी इथं येऊन पाहावं कोण जित्तं हाये नि कोण मेलं. मी पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, छापखान्याचं, दलालाचं, तुमचं. मी म्हटलं, आता गोष्ट संपली म्हणायची का? त्यांनी वाकून मिरचीच्या वाफ्यातलं तण उपटलं, धाकट्या राणीला दोन शिव्या घातल्या, आणि कांद्याकडे बघून प्रधानालाही एक घातली.

घरी येऊन त्यांनी फाळ उचलला आणि माळावरच्या शेतात नेऊन टाकायला गड्याला सांगितलं. आत्याबाई बघत होत्या. मामाजींनी जाता जाता मला तुमच्यासाठी एक निरोप सांगितला, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. म्हणाले, भावाले म्हणा, राजकन्या सापडली की हकिकत सरते. तिले घरी आणाची घाई करू नका.

बारावा अंक कधी धाडता ते कळवावं.

तुमची मनकर्णा