कंबरेची शिवण

प्रिय छकुले,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला धड बोलता येईल याची खात्री नाही. तुझे बाबा म्हणाले, लिही. म्हटलं, मी कसली लिहिणारी, माझा हात सुईवर चालतो. तर म्हणाले, सुईनंच तर सगळा घोळ घातलाय. दुकानाचं शटर आज अर्धंच वर केलंय. गिऱ्हाईक आलं की उठेन, तोवर लिहिते.

तू मशीनवर तो निळा स्कर्ट उलटा करून ठेवलास आणि आत्याकडे निघून गेलीस. कंबरेशी जुन्या टाक्यांची बारीक भोकं दिसत होती आणि त्यांच्या बाजूला माझी नवी शिवण. दुसऱ्या कुणाच्या लेकीला ते कळलंही नसतं. पण तू माझ्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत मोठी झालीस. तुलाच फसवायला निघाले, म्हणजे माझ्या अकलेची कमालच म्हणायची!

तुझ्या वाढत्या वजनासाठी गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं आठवतं ना? उपाशी राहायचं नाही, वजनकाट्यामागं लागायचं नाही. वेळेवर जेवण, पानात भाजी जास्त, ती गोड थंड बाटली बंद, रोज चालणं, पुरेशी झोप. आणि हे अख्ख्या घरानं करायचं, एकट्या पोरीला शिक्षा नको. फरक बघायचाच तर कपडे सैल होतात का बघा, असं जाता जाता म्हणाल्या. त्यांना काय माहीत, समोर शिंपीण बसलीय! तू मनापासून लागलीस. शाळेतून चालत यायला लागलीस, बाटली सोडलीस, झोपताना मोबाइल आपणहून बाहेर आणून ठेवायला लागलीस. स्कर्ट मात्र कंबरेला होता तेवढाच घट्ट. एका संध्याकाळी आरशासमोर हूक ओढता ओढता मटकन खाली बसलीस. म्हणालीस, आई, काही उपयोग नाही गं, मी अशीच राहणार. दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेल्यावर मी स्कर्ट घेतला, कंबरेची शिवण उसवली, आत दाबून ठेवलेली जादा कापडाची माया थोडी सोडली आणि पुन्हा टीप मारली.

तू काय नाचलीस! कंबरपट्टीत बोटं घालून बाबांना दाखवत सुटलीस. मग मला चटकच लागली. स्कर्ट झाला, पँट झाली, घरातला फ्रॉकही सोडला नाही. पोरीला हुरूप येतोय, यात वाईट ते काय, अशी स्वतःची समजूत काढत होते.

मग ते अंगाशी आलं, पण माझ्या नाही, तुझ्या. मैत्रिणींबरोबर तू तयार ड्रेस घ्यायला गेलीस आणि ऐटीत लहान साइज मागितलीस. चेन मध्येच अडकली. बाहेर पोरी हसतायत, आत तू रडकुंडीला आलेली, शेवटी दुकानातल्या बाईनं कात्रीनं ड्रेस कापून तुला सोडवलं. हे तू मला सांगितलं नाहीस, घरी येऊन सरळ स्कर्ट उलटा केलास. एका मैत्रिणीची आई कपडे टाकायला आली होती, तिनं हसत हसत सांगितलं. मला मान वर करवेना. तिचं माप मी दोनदा चुकीचं लिहिलं.

दया आली म्हणून केलं, असं मी बाबांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. तुला हे जमणार नाही, असं मी आधीच धरून चालले होते. आपल्या घरात सगळ्या अशाच जाड, त्यात काय बदलणार! आणि तुला जमलं असतं तर मलाही हलावं लागलं असतं. तू रोज म्हणायचीस, चल ना आई चालायला. मी म्हणायचे, ऑर्डर आहे. ऑर्डर कसली डोंबलाची, काउंटरखाली बिस्किटांचा पुडा फोडलेला असायचा. हे लिहितानासुद्धा कान तापलेत माझे. आई म्हणवून घ्यायची लाज वाटते गं.

काल आत्याचा फोन आला. म्हणाली, पोरगी जेवत नाही, ताट तसंच सरकवते, चालायलाही जात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले. मला माफ तुला वाटेल तेव्हा कर, नाही केलीस तरी माझी तक्रार नाही. पण सगळं खोटं नव्हतं, एवढं ऐक. मध्ये आपली लिफ्ट बंद होती ना, तेव्हा तू कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून एका दमात वर गेलीस. वरून मला हाका मारत होतीस आणि मी मधल्या मजल्यावर कठडा धरून धापा टाकत उभी. आधी त्याच जिन्यात तू बसत बसत चढायचीस. मी ते बघितलं आणि काही बोलले नाही, माझं सगळं लक्ष मेलं तुझ्या कंबरेवर. ती ताकद तुझी आहे, त्यात माझा एक टाका नाही. लाज मला वाटायला हवी, आणि वाटतेय. तिच्यापायी तू उपाशी राहू नकोस. हे वाचून झालं की ऊठ, आत्याला ताट वाढायला सांग आणि पोटभर जेव.

तुझीच, तोंड लपवून बसलेली,
आई