बॅटरीच्या दुकानामागची मोहरी

तीर्थस्वरूप दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, म्हणून कागदावरच). तुझा रक्तदाब आणि वहिनीची कंबर कशी आहे? इकडे मी बरा आहे. म्हणजे तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, एवढं सोडलं तर.

तुझ्या बॅटरीच्या दुकानामागची माती तपासून तीन वर्षांपूर्वी मी काय बोललो, ते तू विसरला नसशील. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी, त्यामुळे माझी जीभ जरा जास्तच शिकलेली. शिशाचा आकडा तुझ्या तोंडावर फेकला आणि सगळ्यांदेखत तुला ‘जमिनीचा वैरी’ म्हणालो. वीस वर्षं तू तिथे बॅटऱ्या धुतल्यास खऱ्या, पण ते विष आहे हे तुला कधी कोणी सांगितलं होतं? मीही नाही. तू एवढंच म्हणालास, “माती साफ झाली की कळव, मग येतो,” आणि वहिनीला घेऊन लेकीकडे राहायला गेलास.

म्हणून मी तिथे मोहरी लावली. मोहरी मोठी सोशिक रे. शिसं शक्यतो मुळाशीच अडवते, अडलं नाही ते पेशींच्या कोठडीत कोंडून ठेवते, त्यातूनही उरलं तर म्हाताऱ्या पानांत भरते आणि ती पानं गाळून टाकते. वर पिवळी फुलं, बघणाऱ्याला वाटावं किती सुखात आहे (मला आपल्या आईची आठवण झाली). मुळासकट उपटली की तिच्याबरोबर विषही बाहेर. तीन वर्षांत सहा पिकं घेतली, एकेक रोप हाताने उपटलं, गळलेली पानंसुद्धा वेचली.

परवा नवा अहवाल आला. आकडा जिथल्या तिथे! मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. आमच्या मॅडम (वयाने लेकीसारख्या, पण साहेब) म्हणाल्या, “काका, उपटलेली रोपं टाकलीत कुठे?” टाकली? मी? काडीसुद्धा वाया घालवू नये यावर गल्लीभर व्याख्यानं देणारा माणूस मी! अभिमानाने सांगितलं, कोपऱ्यातल्या खड्ड्यात कुजवून झकास खत केलं. “आणि खत?” खत कुठे जाणार दादा, परत मोहरीलाच.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सहा वेळा काढलेलं विष मी सहा वेळा चाळून, पाणी शिंपडून परत घातलं. तू केलंस ते नकळत, मी शिकूनसवरून. जे परत जायला नको होतं ते इतकं सहज परत गेलं, आणि तुला बोललेले शब्द मात्र परत घेता येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

तुझा,
अतिशहाणा धाकटा

ता. क. खताचं वहिनीला सांगू नकोस. तिच्या कुंड्यांसाठी पोतंभर पाठवणार होतो (पाठवलं नाही, शपथ).

ता. क. २. अहवाल सोबत जोडलेला नाही. आकडा बघून तू तिकडेच थांबशील. तो उतरायला अजून निदान दहा वर्षं लागतील म्हणतात. तू सदुसष्ट वर्षांचा, मी एकोणसाठ. मातीला वेळ आहे, दादा. तू ये.