राहीबाईची एकेचाळीस कार्डे

सातारा,
ता. ४ जून १९७८

चि. सौ. विजू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र व कोरे तक्ते पोचले. माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. न्हाणीघरात घसरणे या वयात शोभत नाही, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही. पाटणची राहीबाई पंधरा दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढायला आली, ती माझ्याकडेच आहे. तिला एक डोळा, मला एक पाय. दोघींत मिळून एक धड माणूस होते, त्याच्यावर घर चालले आहे.

तू लिहितेस की मुंबईच्या तुझ्या संस्थेतल्या यंत्राला विचार करायला शिकवायचे, तर आधी त्याला एखाद्या जाणकाराचे ज्ञान भरवावे लागते. बाकीच्यांनी खडक घेतले, रसायने घेतली, आणि तू सुईण घेतलीस. बरे केलेस. राहीबाईने पन्नास वर्षांत आपल्या खोऱ्यातली निम्मी माणसे जगात आणली. तूही तिच्याच हातात पहिल्यांदा रडलीस. तुझी आई आज असती तर तिनेही हेच सुचवले असते.

पण हे काम तुला वाटते तितके सोपे नाही. नियम सांग म्हटले की राहीबाई म्हणते, नियम कसला, म्होरं बाई आणा, मग सांगते. शेवटी मीच पोटाला उशी बांधून आडवी झाले. सेवानिवृत्त, अविवाहित मुख्याध्यापिका या थाटात पलंगावर पडली होती, हे तुझ्या यंत्राला कळवू नकोस. उशीवर हात ठेवताच ती बोलू लागली. असे एकेचाळीस नियम सोबत पाठवते. भूक कशी, चाल कशी, पोट खाली उतरले की किती दिवस, सारे आहे.

प्रत्येक नियमापुढे दहापैकी किती खात्री, असा रकाना तू ठेवला आहेस. राहीबाई म्हणते, खात्री असली की मी चुलीवर पाणी ठिवते, नसली की नुसती बसून ऱ्हाते. याला दहापैकी किती द्यायचे ते तूच ठरव.

पहिलटकरणीने माहेरी यावे. माझा पाय मोडला नसता तर तुला सांगलीत एकटी राहू दिले नसते. आमच्या जावयाला, जोतीरामला म्हणावे, साखर कारखाना एक दिवस तुझ्यावाचून चालेल. पत्र टाकण्यात आळस नको. माझ्यावरचा लोभ वाढला नाही तरी कमी होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

सांगली,
ता. ११ जून १९७८

ती. आत्यास विजूचा शि. सा. न. वि. वि.

उशीचं वाचून हे इतके हसले की हातातला चहा सांडला. तुझी शपथ, यंत्राला कळवणार नाही.

एकेक नियम मी एकेका कार्डावर उतरवला. अमुक असेल तर तमुक समज, एवढंच एका कार्डाला ठाऊक. शेजारच्या कार्डावर काय आहे याचा त्याला पत्ता नसतो. यंत्र ती ओळीने तपासतं आणि जुळतील त्यांतून निष्कर्ष काढतं. मात्र एक गोष्ट लक्षात घे आत्या. जे कार्डावर नाही, ते यंत्राच्या लेखी जगातच नाही. आपल्याला कुणी काही सांगायचं राहिलं असेल, अशी शंका त्याला कधी येत नाही.

आणि म्हणूनच पुन्हा त्रास देते. एकेचाळीसही कार्डं सगळं ठीक असल्याची आहेत. बिघडलं तर कसं ओळखायचं, हे एकाही कार्डावर नाही. राहीआजींना तेवढं विचारशील का? त्यासाठी रकाना मोकळा ठेवला आहे.

माझी प्रकृती उत्तम. बाळ दिवसभर कवायत करतं. पायाला जप, आणि उत्तर लवकर पाठव, म्हणजे तुझं माझ्यावर प्रेम आहे असं मी धरून चालेन.

तुझी विजू

सातारा,
ता. १७ जून १९७८

चि. सौ. विजूस आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलेस म्हणून तीन वेळा विचारले. पहिल्यांदा राहीबाईने सुपारी मागितली. दुसऱ्यांदा तिचा मुलगा नाथाजी तिला न्यायला कवा येतो, हे मलाच विचारले. तिसऱ्यांदा भिंतीकडे तोंड करून निजली.

मला वाटते, तिला तसा अनुभवच नसावा. तिच्या हाताखाली बाई दगावल्याचे खोऱ्यात मी तरी ऐकले नाही. तीस वर्षे शाळेत मी कोऱ्या उत्तराला शून्य देत आले आहे. तेव्हा त्या रकान्यात खुशाल ‘नाही’ असे लिही आणि पुढे जा.

दूध पितेस का? खरे लिही. तुझ्या खोटेपणाचे अक्षर मला ओळखता येते. घरी सर्वांना माझी आठवण असू दे.

तुझी आत्या

सांगली,
ता. २४ जून १९७८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दूध पिते. अक्षर तपासून पाहा.

रकाना भरला आणि संच पुरा झाला. यंत्र मुंबईत आणि मी इथे, म्हणून काल कार्डं टेबलावर मांडून मीच यंत्र झाले. पहिली रोगीण कोण? मीच! आठवा संपत आला, भूक बरी, बाळाची हालचाल बरी. कार्डं एकेक करून उलटत गेले. उत्तर आलं, सर्व ठीक, धोका नाही. हे म्हणाले, चला, घरातच डॉक्टर झाला.

बाकी, डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या मनगटात अशा रुतल्या आहेत की साबण लावूनही निघत नाहीत. चपला ह्यांच्या घालते. दोन दिवस डोकं फार ठणकतंय, आणि कार्डं वाचून वाचून डोळ्यांपुढे काजवे चमकतात. काम संपलं, आता विश्रांती घेईन. येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंच आहे.

माझ्या यंत्राला तुझे आशीर्वाद हवेत. मला तर ते न मागता मिळतात.

तुझी विजू

सातारा,
ता. २६ जून १९७८, दुपारी बारा

चि. विजू,

हे पत्र राहीबाईच्या हाती देते आहे. ते मिळेल तेव्हा तू मिरजेच्या दवाखान्यात असायला हवीस. जोतीरामला कारखान्यात तार केली आहे. अजून घरी असशील तर वाचत बसू नकोस. ऊठ.

तुझे पत्र मी तिला वाचून दाखवत होते. कार्डांपर्यंत हसत होती. बांगड्यांपाशी थांबली. काजव्यांपाशी तोंडातली सुपारी थुंकली. मग काहीही न बोलता उठली आणि लुगडे गाठोड्यात बांधू लागली. नाथाजी काल आला आहे, त्याला सांगलीची गाडी कितीला हाय एवढेच विचारले. मी रागावले, काय ते सांग म्हटले. तेव्हा म्हणाली, आवं बाई, पोटुशीच्या कानावर वंगाळ घालायचं नसतं, आन् तुमी तर समदं तिलाच लिवून धाडता.

तीन वेळा विचारले तेव्हा ती हेच पाळत होती, विजू. नाथाजी सांगतो, आई गप्प झाली की गावात कुणी कारण विचारत नाही, बाईला दवाखान्यात न्यायला बैल जुंपतात. मी शिकलेली, मी शून्य दिले.

मला येता येत नाही. आज पहिल्यांदा हा पाय खरोखर दुखतो आहे.

आत्या

मिरज,
ता. १२ जुलै १९७८

ती. आत्यास विजूचा आणि आणखी एका जिवाचा शि. सा. न. वि. वि.

खुशालीची तार तुला मिळालीच आहे. आज पहिल्यांदा बसून लिहिते.

तुझी तार ह्यांना अडीचला मिळाली. कारखान्याची जीप घेऊन आले, चारला आम्ही इथे. रक्तदाब मोजताना डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला आणि मी काही विचारलंच नाही. त्या मागून म्हणाल्या की गुरुवारपर्यंत थांबला असतात तर दोघींपैकी कुणाची हमी देता आली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. मुलगी आहे. जेमतेम चार पौंड, कापसात गुंडाळलेली. पण आता दूध ओढते, आणि रडते तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या बायका कपाळाला हात लावतात.

राहीआजी तारेच्या दिवशीच संध्याकाळी पोचल्या, एका डोळ्यावर पट्टी, काखेत गाठोडं. नऊ दिवस माझ्या पायांपाशी बसून होत्या. कुणाशी एक शब्द नाही. दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघीही धोक्याबाहेर. तेव्हा आजींनी चहा मागितला आणि सुरू झाल्या. आता मी पोटुशी नाही ना! बांगडी रुतणं, डोळ्यांपुढे चमकणं, तोंडावर सूज, पोरानं पोटात गप्प राहणं, एका दुपारी एकोणीस नियम. नर्सबाई हातातली बाटली विसरून ऐकत उभ्या. आजी मला म्हणाल्या, लिव की गं, तवा लई घाई हुती न्हवं तुला?

शून्य तू दिलंस, असं मनाला लावून घेऊ नकोस. रकाना माझा होता. ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ या दोन्हींसाठी मी एकच जागा ठेवली होती. आता कार्डं नव्याने लिहीन. जिथे उत्तर मिळालं नाही, तिथे यंत्राने पुढे जायचं नाही, थांबून माणसाला विचारायचं. माझे मार्गदर्शक म्हणतील, याने यंत्र फार सावकाश चालेल. चालू दे.

काल दुपारी बाळ आजींच्या मांडीवर होतं. मी वही घेऊन विचारलं, तान्ह्या पोराचं बिघडलेलं कसं ओळखायचं? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. आजी गप्प. मी टाक्यांचं भान न ठेवता खाटेवरून उतरले, पट्टी नसलेल्या बाजूने वाकून पाहिलं. तोंड उघडं टाकून घोरत होत्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. मांडीवर पोरगी टक्क जागी, आजींचं बोट मुठीत धरून.

पाय सुटला की पहिल्या गाडीने ये. तोवर लोभ आहेच, त्यातला थोडा हिच्याही नावाने काढून ठेव.

तुझी विजू